कोण गातंय?

१९६६ साल. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. तिथल्या संगीत विद्यालयात एक वयोवृद्ध गायक टेपरेकॉर्डरसमोर बसतो आणि चर्चमधलं एक स्तोत्र गातो. मग ती टेप त्याच्यासमोर वाजवली जाते आणि तिच्या संगतीने तो त्याच स्तोत्राचा मधला आवाज गातो. शेवटी हे दोन्ही आवाज एकत्र वाजत असताना त्यांच्याखाली तो खर्जातला तिसरा आवाज धरतो. तिन्ही आवाज त्याचेच. गायकाचं नाव आर्तेम एर्कोमाइश्विली.

जॉर्जियातली ही स्तोत्रं तीन आवाजांत गायची असतात. प्रत्येक आवाजाची चाल वेगळी आणि तिन्ही चाली एकमेकींना टेकून उभ्या. एकट्याने गायली तर ती अपुरीच राहणार. पण सोव्हिएत राजवटीत चर्चचं गाणं शिकण्या-शिकवण्याच्या वाटा बुजत गेल्या होत्या, आणि आर्तेम ज्या परंपरेत तयार झाले तिच्यातले, शेजारी उभं राहून आपला आवाज सांभाळू शकतील असे सोबती एकेक करून निघून गेले होते. म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःची साथ केली. अशी शंभराच्या आसपास स्तोत्रं त्यांनी गाऊन ठेवली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ते गेले.

ही ध्वनिमुद्रणं आज इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. आवाज थकलेला आहे. टेपची खरखर फेरीगणिक वाढते आणि पहिला आवाज हळूहळू मागे सरकतो. काम करता करता लावून ठेवावं असं हे गाणं नव्हेच. तरीही दूरदेशीचं संगीत कुठून ऐकायला सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मला आधी हेच आठवतं. अनोळखी संगीतापुढे जे प्रश्न पडायला हवेत ते सगळे इथे एकत्र भेटतात. कोण गातंय? कुणाबरोबर गातंय? त्याच्या कानाला काय बरोबर वाटतंय? आणि हा आवाज यंत्रात भरून का ठेवावा लागला?

यातल्या तिसऱ्या प्रश्नात मी सर्वांत जास्त रमते. आर्तेम यांचे स्वर पेटीच्या पट्ट्यांवर सापडत नाहीत. त्यांचा गंधार बऱ्याच वेळा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. सुरुवातीला आपला कान त्याला धरून या किंवा त्या बाजूला ओढू पाहतो. पण तिन्ही आवाज वळणं घेत घेत शेवटी पंचमावर किंवा एकाच स्वरावर येऊन थांबतात, तेव्हा ती जागा इतकी लख्ख लागते की वाटेतला एकही स्वर चुकून पडलेला नव्हता, हे मनोमन पटतं. मग तेच स्तोत्र पुन्हा लावायचं. दोन-चार दिवस तेवढंच ऐकलं की तो मधला गंधार आपल्या जागी बसलेला दिसतो, आणि पेटीचा गंधारच थोडा टोकाला गेल्यासारखा वाटू लागतो. कानात झालेला हा बदल अगदी शरीराला जाणवावा असा असतो. मला या सगळ्या छंदाचं खरं सुख इथेच मिळालं आहे.

बालीच्या गमेलानने मला असंच हलवलं. गमेलान म्हणजे प्रामुख्याने काशाच्या पट्ट्यांची आणि घंटांची वाद्यं असलेला मोठा वाद्यमेळ. त्यातली पट्ट्यांची वाद्यं जोडीने घडवतात. जोडीतली दोन्ही वाद्यं एकाच स्वराची, मात्र त्यातलं एक जाणूनबुजून किंचित चढं. दोन्हींवर एकदम आघात झाला की स्वरांमधल्या त्या बारीक फरकातून कंप उठतो, सेकंदाला साधारण ५ ते ८ वेळा, आणि सगळा नाद लवलवत राहतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना आपण नेमका हाच कंप शोधतो आणि तो नाहीसा होईपर्यंत मणी सरकवत राहतो. कंप थांबला की तारा जुळल्या. बालीचा कारागीर धातू तासत तासत तोच कंप हव्या त्या वेगावर आणून ठेवतो. तो नसेल तर नाद मेलेला. दोघांचाही कान तितकाच तीक्ष्ण, दोघेही त्याच कंपावर लक्ष ठेवून, आणि बरोबर कशाला म्हणायचं याची उत्तरं नेमकी उलटी. हे कळल्यापासून ‘बेसूर’ हा शब्द मी फार जपून वापरते.

प्रत्येक गमेलानची स्वरव्यवस्थाही तिची स्वतःची असते. एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही. बल्गेरियाच्या काही गावांतल्या बायका गातात तेव्हा एकीने धरलेल्या स्वराला दुसरीचा शेजारचा स्वर अगदी खेटून उभा राहतो, आणि ती घासाघीसच त्यांना हवी असते. झिंबाब्वेतल्या शोना लोकांच्या एम्बिरा या, बोटांनी धातूच्या पट्ट्या छेडून वाजवायच्या वाद्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं लावलेली असतात. प्रत्येक सुराबरोबर ती झणझणतात. जवारी काढलेल्या तानपुऱ्याची सवय असलेल्या माणसाला ही झणझण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बालीचं हे संगीत ऐकून एका माणसाचं आयुष्यच बदललं. १९२८ मध्ये ओडियन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी बालीत जाऊन ध्वनिमुद्रण केलं. त्यातल्या काही तबकड्या न्यूयॉर्कमध्ये कॉलिन मॅकफी या कॅनडात जन्मलेल्या तरुण संगीतकाराच्या कानावर पडल्या. १९३१ मध्ये तो बालीला पोहोचला, पुढची कित्येक वर्षं तिथे राहिला आणि त्या संगीताची बारकाईने नोंद करत गेला. मला त्याच तबकड्यांचा पुढचा प्रवास जास्त मोलाचा वाटतो. अनेक दशकांनी जगभरच्या संग्रहांतून त्या शोधल्या गेल्या, पुन्हा प्रकाशित झाल्या आणि बालीत परतल्या. विस्मरणात गेलेल्या रचना आणि वादनाच्या जुन्या तऱ्हा तिथल्या वादकांना आपल्याच पूर्वसुरींच्या हातून ऐकायला मिळाल्या.

मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांचं समूहगान हा याहून अवघड धडा आहे. चार आवाजांची वीण असते. त्यातला प्रत्येक आवाज सतत बदलत असतो, गाणारा मधेच दुसऱ्याच्या आवाजात शिरतो आणि परत येतो. लिहून काढायला बसलं तर एक धागा हाती येतो तोवर दुसरा निसटतो. सिम्हा आरोम या संशोधकाने १९७० च्या दशकात यावर एक युक्ती काढली. आधी सगळ्यांचं गाणं एकत्र मुद्रित करायचं. मग एकेका गायकाच्या कानाला हेडफोन लावून, त्याला बाकीचं गाणं ऐकवत, फक्त त्याचा आवाज वेगळा टिपायचा. असे सुटे धागे मिळाल्यावर त्या सगळ्या गुंत्याच्या तळाशी एक साधं, पुन्हा पुन्हा येणारं आवर्तन असल्याचं दिसून आलं. ते कुणी मोठ्याने गात नाही, पण प्रत्येकाच्या मनात ते चालू असतं. माझ्या मते गेल्या शतकात संगीताविषयी लागलेल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी हा एक आहे.

आता यंत्रांविषयी थोडं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा अमेरिकी अभ्यासक तो घेऊन मेन राज्यातल्या पासामाक्वॉडी जमातीकडे गेला आणि मेणाच्या नळ्यांवर त्यांची गाणी आणि बोलणं टिपून आला. लोकांमध्ये जाऊन केलेलं हे जगातलं पहिलं ध्वनिमुद्रण मानलं जातं. १९०० मध्ये बर्लिनला आलेल्या सयामी, म्हणजे आजच्या थायलंडच्या, वादकांचं वादन कार्ल श्टुम्फ या जर्मन अभ्यासकाने मुद्रित केलं आणि त्यातून बर्लिनचा प्रसिद्ध ध्वनिसंग्रह उभा राहिला. मेणाची नळी दोन-चार मिनिटांची. दर वेळी वाजवताना सुई तिला थोडं खरवडतेच, म्हणजे ऐकणं हेच तिचं झिजणं. म्हणून बर्लिनमध्ये नळीवर तांब्याचा साचा चढवत आणि त्यातून नव्या प्रती ओतत. या प्रक्रियेत मूळ मेण नष्ट व्हायचं. या संग्रहाची जडणघडण करणारे एरिख फॉन होर्नबोस्टेल यांना आईच्या ज्यू वंशामुळे १९३३ मध्ये पदावरून काढण्यात आलं, आणि दोनच वर्षांनी ते परदेशात वारले. युद्धानंतर संग्रहाचा मोठा भाग लेनिनग्राडला गेला, तिथून पूर्व बर्लिनला आला आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर पुन्हा एकत्र झाला. १९०० मधल्या त्या वादनातली दोन मिनिटं ऐकताना एवढं सगळं पार करून ती आपल्यापर्यंत आली आहेत, हे मी विसरू शकत नाही.

आणि यंत्रापुढे गाणाऱ्याचं नाव? नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत आपलं नाव खणखणीत आवाजात सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळावं, म्हणून ही पद्धत होती. सोय कारखान्याची होती. पण त्या सोयीमुळे आज सव्वाशे वर्षांनीही त्या बाई स्वतःच्या तोंडून आपली ओळख करून देतात.

सगळ्यांना हे मिळालं नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर २७ रचना आहेत. त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जॉर्जियाचं चाक्रुलो हे समूहगीत आहे आणि पेरूमधलं एक लग्नगीतही आहे. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीची व्यथा त्या लग्नगीतात आहे. रचनांच्या यादीत केसरबाईंचं नाव आहे. पेरूच्या गाण्यापुढे मात्र नाव आहे ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या जॉन कोहेन यांचं. गाणाऱ्या मुलीचं नाही. जुन्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनांवर हे सर्रास दिसतं. देश, जमात, प्रसंग, यंत्र आणि संशोधक यांची नोंद काटेकोर, आणि गायकाच्या जागी ‘एक स्त्री’ किंवा ‘गावातले तरुण’. केवढी मोठी गोष्ट हातची गेली आहे, असं मला दर वेळी वाटतं.

सॉलोमन बेटांपैकी मलायता बेटावर १९७० च्या सुमारास ह्यूगो झेम्प या संशोधकाने अफुनाक्वा नावाच्या बाईची एक अंगाई टिपली. तिचं नाव त्याने नोंदवून ठेवलं. १९७३ मध्ये युनेस्कोच्या मालिकेत ती प्रसिद्ध झाली. पुढे १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने हाच आवाज उचलून त्याला नाचाचा ठेका आणि सिंथेसायझरची साथ दिली. ते गाणं जगभर गाजलं, जाहिरातींत वाजलं. त्यानंतर १९९६ मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांच्या अल्बमवर हीच चाल आली, आणि तिथे तिच्या शीर्षकात ती थेट आफ्रिकेतल्या पिग्मींची अंगाई झाली. पॅसिफिक महासागरातलं बेट दुसऱ्याच खंडात जाऊन पोहोचलं. झेम्प यांनी या सगळ्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली. अफुनाक्वाच्या वाट्याला या यशातलं काही आलं नाही.

त्या अंगाईत मोठं भावंड धाकट्याला समजावतं आहे. रडू नकोस, बाबा आता मेलेल्यांच्या गावाला गेले, आपण दोघं पोरकी आहोत. हे कळल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. चाल तीच, दोन-तीन स्वरांत हेलकावणारी. अफुनाक्वाचा आवाज कुठेही कापत नाही. गाताना ती दुःखाचा जराही देखावा करत नाही, कारण बाळाला झोप यायला हवी आहे. ठेक्याच्या आवृत्तीत नेमकं हेच हरवतं. तिथे उरतो एक गोड, दूरचा, कुणाचाच नसलेला आवाज. त्या आवृत्तीमुळे अनेक जण मूळ गाण्यापर्यंत पोहोचले, हेही खरं आहे. पण त्यांना तिथवर आणणाऱ्या अल्बमवर अफुनाक्वाचं नाव ठळक छापण्यात काय अडचण होती, याचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

उलट्या दिशेचा एक प्रवास मात्र मला फार आवडतो. केनियातल्या किप्सिगिस लोकांपर्यंत ब्रिटिश मिशनऱ्यांच्या ग्रामोफोनमधून जिमी रॉजर्स या अमेरिकी गायकाच्या तबकड्या पोहोचल्या होत्या. रॉजर्स १९३३ मध्येच क्षयाने वारले होते, पण त्यांचं गाणं आणि गाता गाता आवाज तुटक उंच फेकण्याची त्यांची लकब किप्सिगिसांच्या मनात घर करून राहिली. १९५० मध्ये आफ्रिकेतलं संगीत टिपत फिरणारे संशोधक ह्यू ट्रेसी तिथे ध्वनिमुद्रणासाठी गेले, तेव्हा मुलींनी त्यांना ‘चेमिरोचा’ नावाचं गाणं ऐकवलं. जिमी रॉजर्सचा चेमिरोचा झाला होता, आणि ट्रेसी यांच्या नोंदीनुसार तो आता अर्धा माणूस आणि अर्धा हरिण होता. मुली त्याला नाचायला बोलावतात. इतक्या जोराने नाच, की अंगावरचे कपडे गळून पडतील. मागे स्थानिक तंतुवाद्याची छेड आणि त्यावर मुलींचे किंचित घोगरे, कोवळे आवाज. अमेरिकी गाण्याचा एकही स्वर इथे ओळखू येत नाही. तबकडीतून आलेला परका आवाज ऐकून त्यांनी स्वतःच्या सुरांत, स्वतःच्या वाद्यावर एक नवा प्राणीच निर्माण केला.

यांत्रिक मुद्रणामुळे पारंपरिक संगीत भ्रष्ट झालं, ते कसं ‘शुद्ध’ होतं, अशी हळहळ अनेकदा कानावर येते. अशा वेळी मी चेमिरोचा ऐकवते. या लोकांचे कान बंद नव्हते. त्यांनाही दूरचं काही ऐकून आनंद होत होता, कुतूहल वाटत होतं. ऐकणारे आपण आणि ऐकले जाणारे ते, अशी वाटणी जगात कधी नव्हतीच. ही ध्वनिमुद्रणं ट्रेसी यांनी स्थापन केलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयाने काही वर्षांपूर्वी किप्सिगिस गावांत परत नेऊन ऐकवली. ज्यांनी लहानपणी गायलं होतं त्यांच्यातले काही जण तेव्हा हयात होते.

म्हणूनच ‘वर्ल्ड म्युझिक’ या नावाशी माझं फारसं जमत नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका पबमध्ये छोट्या कंपन्यांचे लोक जमले आणि आपल्या तबकड्या दुकानात कुठल्या फळीवर ठेवायच्या, या अडचणीवर त्यांनी हे नाव मुक्रर केलं. हेतू चांगला होता आणि उपयोगही झाला. पण रशियातल्या तुवा प्रांतातल्या मेंढपाळाचं एका कंठातून दोन सूर काढणारं गाणं, मालीतल्या २१ तारांच्या कोराचं वादन आणि इनुइट बायकांचा समोरासमोर उभं राहून खेळायचा, आधी हसेल ती हरली असा कंठखेळ, यांना एकत्र आणणारं एकच सूत्र आहे: ते विकणाऱ्याच्या घरचे नाहीत. आपण ऐकणाऱ्यांनी तरी ही फळी सोडून द्यावी आणि एकेका गावाचं, एकेका माणसाचं म्हणून ऐकावं.

मी स्वतः तसंच ऐकते. एका वेळी एकच मुद्रण, दिवसेंदिवस. आधी काहीही न वाचता, मग वेष्टनावरची टिपणं वाचून, मग पुन्हा. जुन्या फोकवेज कंपनीच्या तबकड्यांबरोबर मिळणारी पुस्तिका यासाठी अजूनही उत्तम आहे. १९४८ मध्ये मोझेस ॲश यांनी ही कंपनी काढली. त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेकडे गेली, आणि एकही अल्बम बाजारातून काढायचा नाही ही अट आजतागायत पाळली जाते. फारसा खप नसलेली गाणीही त्यामुळे जिवंत राहिली.

काही मुद्रणं मात्र ऐकायला मिळत नाहीत, आणि ते योग्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांची काही विधीगीतं संग्रहात आहेत, पण ती फक्त त्या समाजातल्या ठरावीक लोकांसाठीच उघडली जातात. ध्वनिमुद्रण झालं म्हणजे ते सगळ्यांचं झालं, असं होत नाही. पासामाक्वॉडींच्या १८९० मधल्या नळ्याही नव्याने स्वच्छ करून डिजिटल रूपात जमातीकडे परत गेल्या. तिथल्या जाणत्यांनी कान लावून शब्द शोधले, कुणी काय गायलं हे ठरवलं, आणि काय खुलं ठेवायचं हेही सांगितलं. आता अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या गाण्यांसोबत त्यांच्या भाषेतली नावं आणि त्यांच्या अटी दिसतात.

खुल्या ठेवलेल्या गाण्यांत देवाणघेवाणीच्या वेळी गायचं एक गाणं आहे. पीटर सेल्मोर यांनी गायलेलं. सध्या मी तेच ऐकते आहे. नळीची खरखर इतकी आहे की नुसतं तेवढंच ऐकून चाल नीट कळत नाही. त्यासाठी आजच्या पासामाक्वॉडी गायकाने पुन्हा गायलेलं तेच गाणं आधी ऐकायचं, आणि मग १८९० चं लावायचं.